जपान पाहा, पण नाराजवळचे ते गावही पाहा

आपल्या समाजातील आई-वडिलांच्या पिढीचा प्रवास ठरलेला असे. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, आणि आयुष्यात एकदा जमलेच तर बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर. तोही विहारातील मंडळींनी वर्षभर भिशी लावून काढलेल्या सहलीत, पोळ्यांची चवड आणि चटणीचा डबा बरोबर घेऊन. आता मुलांची पिढी शिकली, नोकरीला लागली. घरात विचारणा होऊ लागली आहे, "आई, जपानला वीस जणांचा गट चालला आहे. बरोबर मार्गदर्शक आहे. मी जाऊ का?"

या प्रश्नाला "आपल्याला परवडेल का?" एवढेच उत्तर देऊन थांबणे बरोबर नाही, असे आम्हाला वाटते. पैशाचा विचार करायचाच आहे आणि तो आम्ही पुढे केलाही आहे. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा. त्या गटाचा वाटाड्या मुलांना काय दाखवणार आहे, आणि काय वगळणार आहे? रायगड पाहायला जाणाऱ्या किती सहली महाडला उतरून चवदार तळ्यावर पाच मिनिटे थांबतात, ते आठवून पाहा. जपानचेही तसेच आहे. किमोनो, चहाचा विधी, चेरीची फुले आणि गोळीसारखी धावणारी रेल्वे हे सारे सहलीच्या पत्रकात असते. त्यात नसलेली ठिकाणे आम्ही येथे मुद्दाम सांगत आहोत.

नारा : एका भारतीय भिक्खूने उघडलेले डोळे

जपानमध्ये बुद्धधम्म सहाव्या शतकात कोरियातून गेला. पुढे राजपुत्र शोतोकू याने इसवी सन ६०४ मध्ये सतरा कलमांचा राज्यादेश काढला. त्याचे पहिले कलम सलोख्याचे आहे आणि दुसरे बुद्ध, धम्म, संघ या त्रिरत्नांचा आदर करण्याचे. आपण रोज त्रिसरण म्हणतो. चौदाशे वर्षांपूर्वी एका राज्याच्या कारभारात त्याच तीन नावांना जागा मिळाली होती, हे मुलांना कळले पाहिजे.

त्याच काळातले होर्यूजी हे विहारसंकुल नाराजवळ आहे. जगात टिकून असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती येथे आहेत. येथील मुख्य दालनाच्या भिंतींवर बोधिसत्त्वांची चित्रे होती आणि त्यांचे आपल्या अजिंठ्याच्या चित्रांशी असलेले साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. २६ जानेवारी १९४९ रोजी तेथे आग लागली आणि ती चित्रे होरपळली. जपानी लोक नुसते हळहळत बसले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९५० साली, त्यांनी सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. आजही दर २६ जानेवारीला तेथे जुन्या वास्तूंमध्ये आग विझवण्याची कवायत होते. आपल्याकडे त्या दिवशी संविधानाचा उत्सव असतो, त्यामुळे ही तारीख आपल्या मुलांच्या सहज लक्षात राहील. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी १९९२ पासून जपानचे कर्जसाहाय्य मिळाले, त्यामागेही या जुन्या नात्याची जाणीव आहे.

नारा शहरातील तोदाइजी विहारात सुमारे पंधरा मीटर उंचीची ब्राँझची बुद्धमूर्ती आहे. तिचा नेत्रोन्मीलनाचा समारंभ इसवी सन ७५२ मध्ये झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखण्याचे काम बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूने केले. तो चीनमार्गे ७३६ साली जपानला पोहोचला होता. त्याने हातात धरलेल्या कुंचल्याला लांब दोर बांधलेला होता आणि तो दोर जमलेल्या लोकांनी धरला होता, म्हणजे डोळे उघडण्याच्या कामात सर्वांचा हात लागला. तो कुंचला आणि तो दोर अजून जपून ठेवलेला आहे.

मार्गदर्शक एवढे बहुधा सांगतो. पण याच मूर्तीसाठी गावोगाव फिरून लोकवर्गणी गोळा करणाऱ्या ग्योकी या भिक्खूविषयी मुलांनी आपण होऊन विचारावे. त्याने पूल बांधले, तळी खोदली, वाटसरूंसाठी निवारे उभारले आणि गरिबांत मिसळून धम्म सांगितला. भिक्खूंनी विहाराबाहेर लोकांत जाऊ नये असा त्या वेळी राज्याचा नियम होता, म्हणून सरकारने आधी त्याच्यावर बंदी आणली. मोठी मूर्ती उभारायची वेळ आली तेव्हा मात्र लोक त्याच्याच शब्दावर येतात हे सरकारला उमगले आणि ७४५ साली त्याला भिक्खूसंघातले सर्वोच्च पद दिले. नाराच्या किनतेत्सू रेल्वे स्थानकासमोर कारंज्यात त्याचा पुतळा आहे. गावातले लोक एकमेकांना भेटायला तेथेच उभे राहतात. लोकांसाठी राबणाऱ्या भिक्खूला लोकांच्या वर्दळीतच जागा मिळाली, हे आम्हाला फार योग्य वाटते.

बुद्धाच्या देशात अस्पृश्य?

आता मुख्य गोष्ट. आपल्या पुष्कळ बांधवांची समजूत अशी आहे, की जपान बौद्ध देश, म्हणजे तेथे उच्चनीच नसणारच. ही समजूत खरी नाही. ती मोडली म्हणजे धम्मावरची श्रद्धा कमी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

जपानमध्ये शेकडो वर्षे मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे, ढोल मढवणारे, फाशी देण्याचे काम करणारे लोक गावाबाहेर वेगळ्या वस्त्यांत राहत. त्यांना 'एता' म्हणत, म्हणजे पुष्कळ मळ असलेले. दुसऱ्या एका वर्गाला 'हिनिन' म्हणत, म्हणजे माणूस नसलेले. त्यांनी कोणाशी लग्न करावे, कोठे राहावे, कोणते कपडे घालावेत यावर बंधने होती. रंगरूप, भाषा, धर्म सारे इतर जपान्यांसारखेच होते, फक्त जन्म वेगळ्या वस्तीत झालेला. आपल्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

१८७१ साली जपान सरकारने आदेश काढून ही नावे आणि हा दर्जा रद्द केला. परंतु पुढच्याच वर्षी तयार झालेल्या कुटुंबनोंदणीच्या वह्यांत काही ठिकाणी त्यांच्यापुढे 'नवे सामान्यजन' असे लिहिले गेले. कायद्याने जे पुसले ते कारकुनाच्या लेखणीने पुन्हा उमटवले. त्या वह्या लोकांना पाहण्यास १९६८ साली बंद करण्यात आल्या. तोपर्यंत लग्न जुळवताना आणि नोकरी देताना त्यांचा उपयोग होत राहिला. १९७५ साली तर अशा वस्त्यांची नावे-पत्ते असलेल्या गुप्त याद्या कंपन्यांना विकल्या जात असल्याचे उघडकीस आले.

आणि विहार? तेथेही हा विटाळ पोहोचला होता. जपानमध्ये मृत व्यक्तीला भिक्खू नवे धम्मनाव देतात आणि ते थडग्याच्या दगडावर कोरतात. या वस्त्यांतील मृतांना दिलेल्या काही नावांत जनावर, कातडे, गुलाम अशा अर्थांची अक्षरे घातलेली आढळली. माणूस मेला, तरी जात मेली नाही. १९७९ साली अमेरिकेत भरलेल्या जागतिक धर्म-शांती परिषदेत जपानच्या एका मोठ्या बौद्ध पंथाच्या प्रमुखांनी, आमच्या देशात असा भेद नाही, असे सांगितले. त्यावर जपानमधील पीडितांनी मोठा आवाज उठवला. १९८४ साली त्यांना ते विधान जाहीरपणे मागे घ्यावे लागले. त्यानंतर त्या पंथाने स्वतःच्या विहारांतील जुन्या नोंदी आणि दगड तपासण्याचे काम हाती घेतले. दोष दाखवून दिल्यावर तपासायला बसणे, हेही धम्माचेच वागणे आहे.

पाण्याच्या पातळीसारखे सपाट

नाराच्या दक्षिणेला गोसे नावाचे शहर आहे. त्यातील काशिवाबारा या वस्तीतील तरुणांनी १९२२ साली इतिहास घडवला. त्यांच्यातला सायको मानकिची हा विहाराच्या घरात जन्मलेला मुलगा. त्याने आणि त्याच्या मित्रांनी 'सुइहेइशा' ही संघटना उभारली. सुइहेइ म्हणजे पाण्याची सपाट पातळी. पाणी जसे कोठे वर-खाली राहत नाही, तसा माणसांचा समाज, एवढा अर्थ त्या नावात आहे. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोच्या ओकाझाकी सभागृहात तिची पहिली परिषद भरली. त्या परिषदेत सोळा वर्षांच्या एका मुलाने शाळेतल्या शिक्षकांकडून होणाऱ्या अपमानाविषयी भाषण केले आणि सभागृह रडले.

दया नको, आम्हीच आमची मुक्ती करू, हा त्या जाहीरनाम्याचा गाभा होता. त्यांचा झेंडा काळा होता, त्यावर रक्ताच्या रंगाचा काटेरी मुकुट. परिषदेनंतर त्यांनी जे पहिले काम केले त्यात क्योतोच्या होंगानजी विहारांना बजावणे होते, की काही वर्षे आमच्या लोकांकडून देणग्या घेऊ नका, ते पैसे आम्हाला आमच्या उद्धारासाठी लागतात.

या मागणीचे वजन कळायला क्योतो स्थानकाजवळच्या हिगाशी होंगानजी विहारात जावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा विहार पुन्हा बांधताना मोठमोठे लाकडी ओंडके ओढणारे दोर तुटू लागले. तेव्हा गावोगावच्या गरीब स्त्रियांनी आपले केस कापून दिले आणि त्यांचे दोर वळले गेले. त्यातला एक दोर तेथे ठेवलेला आहे. विहारासाठी एक दिवसाची मजुरी देणाऱ्या आपल्या माता-भगिनींना त्या दोरापुढे उभे राहिल्यावर काय वाटेल, ते आम्ही सांगायला नको. गरिबांच्या श्रद्धेने उभे राहिलेले विहार गरिबांच्या अपमानाच्या वेळी गप्प का राहिले, हाच सुइहेइशाचा प्रश्न होता.

पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकीकडे पाण्याच्या पातळीचे नाव घेतलेली संघटना, दुसरीकडे पाण्याचाच सत्याग्रह. कोणी कोणाचे पाहून केलेले हे नव्हते. अन्याय सारखा असला की उत्तरही सारखेच सुचते.

काशिवाबारात १९९८ पासून सुइहेइशाचे संग्रहालय आहे. आम्ही आग्रहाने सांगतो, की आपल्या मुलांच्या गटाने सहलीतला अर्धा दिवस त्यासाठी मागून घ्यावा. क्योतोत हेइआन मंदिर पाहायला सारेच प्रवासी ओकाझाकी भागात जातात. पहिली परिषद भरली ती याच भागात, एवढे तरी तेथे उभे राहून मुलांनी आठवावे.

ओसाकात १९८५ साली मानवी हक्कांचे असेच एक संग्रहालय सुरू झाले होते. सरकारी मदत थांबली आणि २०२० साली ते बंद पडले. संस्था काढणे सोपे, टिकवणे अवघड, हा धडा आपल्यालाही नवा नाही. त्याच शहरातील नानिवा ही ढोल बनवणाऱ्यांची जुनी वस्ती. तेथील लोक ढोल मढवीत, पण मिरवणुकीत वाजवण्याचा मान दुसऱ्यांचा. १९८७ साली तेथील तरुणांनी 'इकारी' नावाचे ढोलपथक काढले. इकारी म्हणजे संताप. आपल्या वाडवडिलांनी गावकीची वाजंत्री सोडली ती स्वाभिमानासाठी, आणि या मुलांनी ढोल हाती घेतला तोही स्वाभिमानासाठीच. कृती उलट, कारण एकच. यावर घरात बाप-लेकांनी जरूर चर्चा करावी.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. "येथे बुराकू वस्ती कोठे आहे?" असे वाटेल त्याला विचारू नये, घरांचे फोटो काढू नयेत, मोबाइलवरून पसरवू नयेत. तेथे पत्ता उघड होणे म्हणजेच मुलीचे लग्न मोडणे किंवा नोकरी हुकणे असू शकते. अशा वस्त्यांच्या याद्या प्रसिद्ध करण्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले आणि २०२३ साली टोकियोच्या उच्च न्यायालयाने भेदभाव न होण्याचा माणसाचा हक्क मान्य केला. २०१६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला आहे. संग्रहालयात जावे, तेथे विचारावे. कोणाच्या दारात जाऊन नको.

कोयासान : बाबासाहेबांचा पुतळा आणि स्त्रियांचे दालन

ओसाकाच्या नांबा स्थानकातून रेल्वेने आणि पुढे दोरावर ओढल्या जाणाऱ्या गाडीने कोयासान पर्वतावर जाता येते. कूकाई या भिक्खूने ८१६ साली येथे वसवलेले हे विहारांचे गाव. शंभरावर विहार, त्यांपैकी सुमारे पन्नास विहारांत प्रवाशांना मुक्काम करता येतो. पहाटे वंदना, मासे-मांस नसलेले जेवण, तिळाचा आणि सोयाबीनचा तोफू. आपल्या मुलांनी एक रात्र येथे जरूर काढावी.

येथील कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचे अनावरण झाले. परक्या देशात, धुक्यातल्या देवदारांमध्ये, आपल्या उद्धारकर्त्यासमोर उभे राहून "जयभीम" म्हणताना कोणाचा ऊर भरून येणार नाही?

पण हार घालून लगेच परत फिरू नये. याच पर्वताच्या वेशीवर 'न्योनिनदो' म्हणजे स्त्रियांचे दालन आहे. शेकडो वर्षे स्त्रियांना या पवित्र पर्वतावर प्रवेश नव्हता. त्या वेशीवरूनच वंदना करून परत जात. वेगवेगळ्या वाटांवर अशी सात दालने होती, त्यांतले हे एकच उरले आहे. सरकारने १८७२ साली बंदी उठवली, तरी येथे ती प्रत्यक्षात जायला विसावे शतक उजाडले. आपल्या मुली पुतळ्यापर्यंत चालत जातील तेव्हा त्यांनी आधी या दालनापाशी थांबावे. भिक्खुणी संघाची परंपरा सांगणाऱ्या धम्मातही स्त्रीला वेशीवर थांबवले गेले, आणि ती वेस माणसांनीच मोडली, हे त्यांनी तेथे समजून घ्यावे.

हिरोशिमा आणि रोजचे जपान

हिरोशिमा चुकवू नये. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. त्या क्षणी काय झाले हे तेथील शांती संग्रहालयात मुलांच्या जळलेल्या डब्यांतून आणि कपड्यांतून दिसते. बॉम्बमधून वाचलेल्यांची संघटना निहोन हिदान्क्यो हिला २०२४ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. स्वतःचे दुःख सांगत राहणे हेही लढणे आहे, हे त्या वृद्धांनी जगाला शिकवले.

आणि रोजचे जपान? तेथील शाळांत मुले स्वतः वर्ग आणि व्हरांडे झाडतात, पुसतात. रस्त्यात कचराकुंडी क्वचित दिसते, लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. ज्या देशात झाडू एका जातीच्या हातात बांधला गेला, त्या देशाच्या मुलांनी हे डोळे उघडे ठेवून पाहावे. जपानमध्ये भेद नव्हता असा त्याचा अर्थ नाही, तो होता हे आपण वर पाहिलेच. पण झाडू प्रत्येक मुलाच्या हातात द्यायची ही सवय उचलण्यासारखी आहे, आणि ती आपल्या विहाराच्या बालवर्गात उद्यापासून सुरू करता येईल.

हिशोब

आता पैसा. प्रवासी कंपन्यांच्या आठ-दहा दिवसांच्या जपान सहली माणशी दोन-तीन लाखांच्या घरात जातात. तेथे सर्वत्र चालणारा परदेशी प्रवाशांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. वर सांगितलेली नारा, क्योतो, ओसाका, कोयासान ही ठिकाणे एकमेकांजवळ असल्याने साध्या तिकिटांत भागते, एकट्या हिरोशिमाचा प्रवास लांबचा आहे. म्हणून टोकियोचा मोह टाळून ओसाकाच्या विमानतळावर उतरावे, हे खर्चाच्या दृष्टीने बरे. कर्ज काढून, दागिने मोडून मात्र कोणी सहल करू नये. सहल राहिली तर चालेल, बहिणीची फी राहता कामा नये.

परंतु आमच्या माहितीप्रमाणे पैशाहून मोठी अडचण माहितीची आहे. जपान सरकारचा २००७ साली सुरू झालेला 'जेनेसिस' हा कार्यक्रम आशियातील तरुणांना गटाने काही दिवस जपानला बोलावतो, जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च तेच करतात. २०१४ पासूनचा 'साकुरा सायन्स' कार्यक्रम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पुढील शिक्षणासाठी जपानच्या शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, तीत फी, दरमहा भत्ता आणि विमानभाडे मिळते. अशा जागा महाविद्यालये, विद्यापीठे, दूतावास यांच्यामार्फत भरल्या जातात. सूचना फलकावर लागते, मुदत थोडी असते, आणि ज्याच्या घरात कोणी आधी परदेशी गेलेले असते त्याचाच अर्ज वेळेत पोहोचतो. आमची मुले हुशारीत मागे पडत नाहीत, ती मुदतीत मागे पडतात.

यावर उपाय आपल्या हातात आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा-मुलीचा पासपोर्ट काढून ठेवावा, साध्या ३६ पानी पुस्तिकेची फी १,५०० रुपये आहे. शाळेचा दाखला, आधार आणि जन्मनोंद यांवरील नावाचे अक्षर न् अक्षर एकसारखे करून घ्यावे. पुष्कळ अर्ज तेथेच अडतात. प्रत्येक विहारात एका शिकलेल्या तरुणाने दर महिन्याला अशा सूचना पाहून फलकावर लिहाव्यात. आणि एखाद्याची निवड झाली, तर लागणाऱ्या कपड्यालत्त्याचा खर्च वस्तीने वाटून घ्यावा.

मुलीला पाठवायचे की नाही, असा प्रश्न काही माता विचारतात. आम्ही त्यांना एवढेच म्हणतो, गट कोणाचा आहे, बरोबर जबाबदार बाई आहे का, मुक्काम कोठे आहे, हे सारे विचारा, लिहून घ्या. पण हेच प्रश्न मुलासाठीही विचारा. आणि उत्तरे समाधानकारक असतील, तर न्योनिनदोच्या वेशीवर तिला पुन्हा थांबवू नका.

जपानहून भदंत सुरई ससाई नागपूरला आले आणि आपल्यातलेच झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी उपासिकेच्या दानातून १९९९ साली उभे राहिले. तेथून माणसे आली, दान आले. आता आपल्याकडून मुलांनी तेथे जावे, ते नुसते फुले आणि इमारती पाहायला नव्हे. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला धम्म दिला तो बावीस प्रतिज्ञांसह, जातीला कोणत्याही रूपात थारा न देण्याच्या बोलीवर. त्या बोलीचे मोल किती, हे काशिवाबाराच्या संग्रहालयात उभे राहिल्यावर जितके कळेल तितके पुस्तकातून कळणार नाही.

परत आलेल्या मुलांनी येताना भेटवस्तू आणल्या नाहीत तरी चालेल. एका रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर बसून पाहिलेले सांगावे, आणि समोर बसलेल्या लहान मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. पुढचा अर्ज त्यांच्यातूनच जाणार आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.